मदत हवी आहे: आठवणींच्या पेजचा ताबा कोणाकडे द्यायचा?

नमस्कार मंडळी, आम्ही तिघं मिळून एक अ‍ॅप बनवतोय, घरातलं कोणी गेलं की अंत्यसंस्काराची तयारी, नातेवाइकांना कळवणं, मृत्यूच्या दाखल्याची आठवण आणि नंतर फोटो-आठवणींचं पेज, असं सगळं एकाच जागी. कोडिंगचं टेन्शन नाही, अडलंय ते माणसांपाशी.

परवा टेस्टिंगला आत्याला बसवलं, काका जाऊन वर्षही झालं नाहीये, तिने फॉर्म भरला आणि स्क्रीनवर आलं "अभिनंदन! तुमचं पेज तयार आहे", वर रंगीत कागदांचा पाऊस. रेडीमेड टेम्प्लेटमधलं राहून गेलं होतं हो. आत्या काही बोलली नाही, फोन उलटा ठेवला फक्त. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते काढलं लगेच, पण असं अजून काय काय लपलं असेल देव जाणे.

आता मुख्य प्रश्न. फेसबुकवर 2015 पासून माणूस जिवंतपणीच आपल्या अकाउंटसाठी वारस निवडून ठेवू शकतो, अ‍ॅपलचा वारस 'अ‍ॅक्सेस की' (वारस नेमताना तयार होणारा खास कोड) आणि मृत्यूचा दाखला दोन्ही दिल्याशिवाय आत जाऊ शकत नाही. पण आमच्याकडे पेज बनतं माणूस गेल्यावर, मग ताबा कोणाचा? जो आधी बनवेल त्याचा? दोन भावांचं पटत नसेल, एकाने दुसऱ्याचे फोटो उडवले तर? मला वाटतं डिलीटला दोघांची संमती हवी, पार्टनर म्हणतो उगाच गुंता.

आणि वाढदिवसाचं नोटिफिकेशन आपोआप पाठवावं की आधी विचारावं? ज्यांच्या घरात हे नुकतंच घडलंय त्यांनी जमलं तर सांगा, पहिल्या दोन दिवसांत नेमकं काय विचारलेलं नको वाटलं?