.३०८ : चौथ्या भरणीनंतर बोल्ट जड, ग्रुप सुटला. पावडर बदलू की पुंगळ्या?

डोंगरउतार
मुक्काम कोलोरॅडो. रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट ॲक्शन. फॅक्टरी काडतुसं उडवून जमलेल्या ६० पुंगळ्या (काडतुसाची रिकामी पितळी आवरणं) आहेत, ४० एका कंपनीच्या आणि २० दुसऱ्या. चार वेळा नवा प्रायमर (बुडातली ठिणगी टाकणारी टोपी), पावडर आणि बुलेट घालून भरून झाल्या. पहिल्या दोन खेपांना फुल लेंग्थ डाय (फुगलेली अख्खी पुंगळी परत मापात दाबणारा साचा) वापरली, सोबतच्या कागदात होती तशीच लावून: प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणाऱ्या शेल होल्डरला टेकवायची, मग आणखी पाव फेरा खाली. मग दोन-तीन पुंगळ्यांच्या बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं, म्हणून पुढच्या दोन खेपांना नेक डायने फक्त मान आवळली.

आता बऱ्याच काडतुसांवर बोल्टची (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ दाबून बसवावी लागते. १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप (भोकांचा पसारा) सव्वा इंच यायचा, तो सव्वादोनवर गेलाय. दोन पुंगळ्यांची मान उभी चिरली. बुलेट, पावडर, प्रायमर काहीही बदललेलं नाही. ऑक्टोबरात एल्कचा (मोठ्या हरणाच्या शिकारीचा) सीझन आहे. पावडर थोडी कमी-जास्त करून पाहू का?

भोसरी_टूलरूम
पावडरला हात लावू नका. लक्षणं सगळी पितळेची आहेत.

बोल्ट जड का? गोळी उडताना पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला टेकते आणि किंचित आकसते. दोन-तीन खेपांनंतर आकसणं संपतं, खांदा (मानेखालचा उतार) चेंबरला घट्ट बसतो. नेक डाय खांद्याला शिवतही नाही, त्यामुळे जागा उरत नाही. टार्गेटवर हे चालवून घेता येतं, पण शिकारीला दुसरी गोळी अडकली की संपलं. शिकारीच्या काडतुसाला दर खेपेला फुल लेंग्थच, मात्र मोजून. डायसोबतचा कागद कुणाच्याही चेंबरला चालेल असा सेटिंग देतो, तुमच्या चेंबरचं माप त्याला माहीत नसतं.

कॅलिपरला लावायचा हेडस्पेस कंपॅरेटर घ्या, .३०८ ला ०.४०० इंचाचा इन्सर्ट. ज्या पुंगळीवर बोल्ट जड लागला ती उडवल्यावर आधी प्रायमर काढा (प्रायमरचा उंचवटा माप खोटं करतो), मग बूड ते खांदा मोजा. तेच तुमचं चेंबर. त्यापेक्षा खांदा १ ते २ थाऊच मागे सरकला पाहिजे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, टूलरूममध्ये बोलतात तोच. आता फुल लेंग्थ डाय होती तशी लावून एक पुंगळी दाबा आणि दोन्ही आकडे इथे टाका.

खटपट्या
त्या चकचकीत कड्याबद्दल. बुडापासून साधारण ८ ते १० मिलिमीटरवर असेल तर आधी खात्री करा, कारण डायची कड जिथे थांबते तिथेही तशीच रेघ उठते आणि ती निरुपद्रवी असते. पेपरक्लिप सरळ करा, टोकाचे दोनेक मिलिमीटर काटकोनात वाकवा, टोक कानशीवर घासून अणकुचीदार करा. आत सोडून बुडापासून वर भिंतीवरून ओढा. खाच लागून टोक अडखळलं तर भिंत आतून पातळ झाली आहे. पुढच्या बाराला तिथूनच दोन तुकडे होतात, पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहतो आणि गरम वायू बोल्टकडे येतो.

खाच लागलेली प्रत्येक पुंगळी पकडीने चेमटवून भंगारात टाका. नुसती डब्यात टाकली तर कधीतरी परत ट्रेमध्ये येते.

डोंगरउतार
मोजलं. उडवलेली १.६२८, डायमधून काढल्यावर १.६१८. खाच ६० पैकी ७ पुंगळ्यांत लागली, सातही पहिल्या ४० मधल्या.

भोसरी_टूलरूम
मग कारण सापडलं. दोन्ही खेपांना खांदा १० थाऊ मागे ढकलला गेला. फायरिंग पिनच्या ठोक्याने पुंगळी पुढे सरकते, पातळ भिंती चेंबरला चिकटतात आणि जाड बूड तेवढं १० थाऊ मागे बोल्टवर आदळतं. ताण पडतो तो बुडाच्या भरीव भागाच्या लगेच वर. तिथलं पितळ दोनदा ओढलं गेलं.

डाय लावण्याचा हिशोब असा. डायच्या आट्यांचं माप ७/८-१४, म्हणजे एका फेऱ्याला १/१४ इंच, सुमारे ७१ थाऊ. १० अंश फिरवलं की जवळपास २ थाऊ. पण आत्ताच्या जागेवरून ४० अंश वर घेतले की ८ थाऊ मिळाले, असं होणार नाही. टेकवल्यानंतरचा पाव फेरा प्रेसच्या ताणातच जिरलेला असतो. म्हणून डाय सरळ अर्धा फेरा वर घ्या आणि १०-१० अंशांनी खाली आणत दर वेळी मोजा. सुरुवातीला आकडा उलट वाढेल, घाबरू नका: डाय आधी अंग आवळते आणि खांदा पुढे ढकलला जातो. मग आकडा उतरायला लागतो. १.६३० च्या खाली आला की ५ अंशांची पावलं. १.६२६ ला लॉक रिंग आवळा, तीही रॅम (प्रेसचा दांडा) वर दाबलेला असताना, नाहीतर डाय तिरकी बसते.

पडताळा: बोल्टमधली फायरिंग पिन काढून रिकामी, दाबलेली पुंगळी चेंबरमध्ये घाला. मूठ स्वतःच्या वजनाने जवळजवळ खाली यावी, शेवटी जेमतेम जाणवेल इतकाच विरोध. पिन ठेवून ही चाचणी केली तर स्प्रिंगचा जोर तेवढा लागेल आणि काही कळणार नाही.

लांबी दाबल्यानंतरच मोजा, दाबताना मान लांबते. .३०८ ची कमाल २.०१५ इंच, ट्रिम २.००५ ला. लांब मान चेंबरच्या टोकाला चिमटते, बुलेट सुटत नाही आणि दाब विनाकारण चढतो. ट्रिमनंतर तोंडाची आतली-बाहेरची बर (कापल्यावर उरलेली कड) काढताना हलक्या हाताने एक-दोन वळसे पुरे, सुरीला धार लावल्यासारखं नको.

खटपट्या
वंगणाचं राहिलं. साइझिंग वॅक्स बोटावर पुसट, अंगाला आणि बुडाच्या थोडं वरपर्यंत. खांद्यावर नाही, तिथे साचलं की पोचे पडतात. मानेच्या आत मात्र नायलॉन ब्रशने चिमूटभर हवंच. कोरड्या मानेतून एक्सपांडरचा (डायमधला, मान आतून ताणणारा) गोळा वर येताना कुरकुर आवाज येतो तेव्हा तो मान ओढून वाकडी करतो आणि नुकतंच जमवलेलं खांद्याचं मापही पुढे नेतो. ग्रुप सुटण्यामागे हे हमखास असतं. रनआउट गेज (काडतुसाचा वाकडेपणा मोजणारा) मिळाला तर ३ थाऊच्या आत ठेवा.

टंबलर (पुंगळ्या घुसळून साफ करणारं यंत्र) घरात चालवू नका. त्या धुळीत प्रायमरचं शिसं असतं. स्वयंपाकघरातली चाळणी तर नकोच, एकदा वापरली की ती गॅरेजचीच झाली.

तांबटआळी
चिरलेल्या मानांचं सांगतो. पितळ ठोकलं की कडक होतं, हे पुण्यातल्या कुठल्याही तांबटाला विचारा: चार हात मारले की भांडं परत भट्टीत. इथे दर बाराला मान फुगते, डाय आवळते, एक्सपांडर परत ताणतो. चार खेपांत मान इतकी कडक होते की आवळल्यावर परत उसळते, आणि प्रत्येकीची उसळी वेगळी. म्हणजे बुलेटवरची पकड दर काडतुसाला निराळी. तुमचा सव्वा इंच तिथेच गेला. खांदाही उसळतो, म्हणून अनील (मान तापवून परत नरम करणं) न करता डाय लावलीत तर मापं १-२ थाऊ मागेपुढे नाचतील. क्रम असा ठेवा: साफ करणं, अनील, मग डाय.

ड्रिलला खोल सॉकेट, त्यात पुंगळी, हळू फिरवत प्रोपेन टॉर्चची निळी ज्योत मान आणि खांद्याच्या सांध्यावर. खोलीत अंधार करा. एक पुंगळी बळी द्या: मान जेमतेम लालसर दिसायला लागते ते सेकंद मोजा आणि बाकीच्यांना त्याच्या किंचित आधी थांबा. साधारण ५ ते ८ सेकंद लागतात, टॉर्चवर अवलंबून. टेम्पिलॅक (ठराविक तापमानाला वितळणारा रंग) असेल तर मानेच्या आत ७५० फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ४०० सेल्सिअसचा पट्टा लावा. नारिंगी होईपर्यंत तापवलं की मान चिंधी झाली, चिमटीत दाबली तर दाबलेलीच राहते. बूड कधीही तापता कामा नये. बूड नरम पडलेली पुंगळी बॉम्ब समजून फेका. पाण्यात टाकली काय, टॉवेलवर गार केली काय, पितळेला फरक पडत नाही. पाणी फक्त उष्णता बुडाकडे उतरण्याआधी थांबवतं.

चिरलेली मान अनीलने सांधत नाही, त्या दोन गेल्या. आणि ब्रासोसारखं अमोनियावालं पॉलिश पुंगळीला लावू नका, अमोनियाने ताणातलं पितळ तडकतं.

सिएरा_पायथा
दोन कंपन्यांच्या पुंगळ्या मिसळू नका. बाहेरून माप एकच, पण भिंत जाड असली की आतली जागा कमी आणि त्याच पावडरला दाब जास्त. दोन ट्रे, दोन लेबलं.

पुढे-मागे तांब्याच्या बुलेटवर जाणार असाल (आमच्याकडे कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिसंविरहितच लागतं), तर शिशाच्या बुलेटचा डेटा उचलून चालत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची बुलेट लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा खाते. त्या बुलेटचा स्वतःचा तक्ता मॅन्युअलमध्ये पाहायचा आणि सुरुवातीच्या वजनापासून वर चढायचं. पुंगळी किंवा प्रायमर बदललं तरीही हेच.

कोकणकडा
अवांतर: भारतात हे करता येतं का?

खटपट्या
नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे काडतूस तयार करायलाही परवाना लागतो, नुसत्या शस्त्र परवान्यावर भागत नाही. आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. वाचून सोडून द्या.

डोंगरउतार
उरलेल्या ५१ पुंगळ्या अनील करून एल्कला नेऊ का?

भोसरी_टूलरूम
पहिल्या ४० मधून ७ गेल्या म्हणजे उरलेल्याही त्याच ताणातून गेल्यात, खाच अजून बोटाला लागत नाही एवढंच. मी त्या शिकारीला नेणार नाही. सरावाला वापरा आणि दर बारानंतर क्लिप फिरवा. प्रायमर बसवताना बोटाच्या जोराने आत गेला तर ती तिथेच बाद, प्रायमरचा पॉकेट (खळगा) सैल झालाय. बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीखाली ३ ते ५ थाऊ हवा.

सीझनसाठी एकाच लॉटच्या ५० नव्या घ्या. पहिली खेप सरावात उडवून चेंबरच्या मापाला आणा, १.६२६ ला दाबा, दुसरी खेप एल्कला. पावडरचं वजन पुन्हा मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढवत आणायचं, पुंगळी बदलली आहे. पावडर भरल्यावर, बुलेट बसवण्याआधी, ट्रेवर विजेरी मारून प्रत्येकीतली पातळी बघा. एकूण लांबी २.८१० इंचाच्या आत ठेवा, म्हणजे मॅगझिनला त्रास नाही.

निघण्याआधी रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून, शिकारीचं प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये नेऊन बाहेर काढा. जे अडखळेल ते खिशात जाणार नाही.

डोंगरउतार
ऑर्डर टाकली. जुन्यांमधल्या पाच सेटिंगला घेतल्या, चार १.६२६ आणि एक १.६२७. मूठ आपोआप खाली येते.