बॉम्बरचं बजेट दरवेळी काऊन कापतात? ड्रोनच बनवा ना

बर्डीवाला: काल वायुसेना नगरजवळच्या टपरीवर दोस्तासोबत चहाची पैज लागली, तो म्हणे अमेरिकेला १३२ बी-२ बॉम्बर पाहिजे होते आन बनले फक्त २१, मी म्हटलं फेकू नको बे. खरं हाय का? आन पायलट तरी कायले लागते आता?

तर्रीपोहा: खरं आहे भाऊ. शीतयुद्ध संपलं, ऑर्डर कापली, पण डिझाइनचा खर्च तर होऊनच गेला होता ना, तो सगळा २१ विमानांवर पडला म्हणून एकेक २ अब्ज डॉलरच्या वर गेलं. लग्नात मंडप हजार लोकांचा टाकला आन पाहुणे दीडशेच आले, आता ताटाचा भाव काढा 😄

सोनेगाव_रनवे: त्याच्या आधीचं बी-१ बॉम्बर तर राष्ट्राध्यक्ष कार्टरनं १९७७ मध्ये बंदच केलं होतं, त्याच्यानंतर आलेल्या रेगननं १९८१ मध्ये परत काढलं.

तर्रीपोहा: ड्रोनचं म्हणाल तर एक्स-४७बी २०१३ मध्ये पायलट नसताना विमानवाहू जहाजावर उतरलं, भारीच होतं ते, पण अमेरिकन नेव्हीनं शेवटी काय घेतलं तर दुसऱ्या विमानांत हवेत इंधन भरणारं ड्रोन, एमक्यू-२५. अणुबॉम्ब घेऊन जाणारं विमान नुसत्या सिग्नलच्या भरवशावर सोडायला मी तरी तयार नाही बाप्पा.

बर्डीवाला: म्हणजे चहा मलेच पाजा लागते 😑