शब्दचर्चा : पत्ते 'प्रोब' करणे म्हणजे तपासणे की चाचपणे?

कानामात्रा
आय-टू-सी बसवर, म्हणजे चिप्सना जोडणाऱ्या सामाईक तारांवर, कोणत्या पत्त्याला (चिपच्या क्रमांकाला) चिप आहे हे बघण्यासाठी लिनक्समध्ये टर्मिनलवरून चालवायची साधने आहेत, आय-टू-सी-टूल्स. त्यांच्या सूचनांचे मराठी करते आहे. त्यातले 'डिटेक्ट' हे साधन काम सुरू करण्याआधी इशारा देते. त्याचा आशय असा, की या प्रोग्रॅममुळे बसवर गोंधळ उडू शकतो, माहिती नष्ट होऊ शकते किंवा त्याहून वाईटही काही होऊ शकते. मग ते सांगते, अमुक ते अमुक पत्ते मी 'प्रोब' करणार आहे, पुढे जाऊ का?

मी लिहिले, "हेक्स ०८ ते ७७ हे पत्ते मी चाचपून पाहीन." (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले आकडे.) मजकूर बघणाऱ्या सहकाऱ्यांनी ते खोडून "तपासेन" केले. त्यांचे म्हणणे, चाचपणे हे हाताचे काम, तेही अंधारात. प्रोग्रॅमच्या तोंडी तो शब्द घरगुती वाटतो. मला हे पटत नाही. जे समोर आहे ते ठीक आहे ना, हे बघणे म्हणजे तपासणे. इथे त्या पत्त्यावर कोणी आहे का, हाच प्रश्न आहे. शिवाय 'उमेदवारांची चाचपणी' हे वर्तमानपत्रात नेहमी येते, तेव्हा शब्द घरगुती कसा? तुम्ही काय लिहाल?

तांब्याची तार
चाचपणेच. कारण भाषेचे नाही, तारांवर जे घडते त्याचे आहे.

या बसला दोनच तारा असतात, एक डेटाची आणि एक क्लॉकची. त्यांवर कोण कोण बसले आहे याची यादी कुठेच नसते. यूएसबीचे उपकरण जोडले की ते विचारल्यावर स्वतःची ओळख सांगते. इथल्या बहुतेक चिप्सना ती सोय नाही. म्हणून हे साधन एकेक पत्ता तारेवर टाकत जाते. पत्त्याचे सात बिट, आठवा बिट वाचायचे की लिहायचे ते सांगणारा, आणि क्लॉकच्या नवव्या ठोक्याला साधन डेटाची तार मोकळी सोडते. त्या पत्त्याची चिप असेल तर ती त्या ठोक्याला तार खाली खेचते. कोणीच खेचली नाही तर तार वर ओढून धरणाऱ्या पुल-अप रेझिस्टरमुळे ती वरच राहते आणि साधन छापते त्या तक्त्यात त्या जागी दोन आडव्या रेघा उमटतात. दिसत नाही म्हणून हात लावून बघायचे, असेच हे काम आहे.

आणि हात लावला की वस्तू हलू शकते! एटी२४आरएफ०८ ही ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी, चिप घ्या. जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांत ती असायची. नुसता पत्ता लिहिण्याच्या बिटासह टाकून सोडून देणे, ज्याला 'क्विक राइट' म्हणतात, तेवढ्यानेही तिच्यातली माहिती बिघडू शकते, हे या साधनाच्याच माहितीपुस्तिकेत नोंदवले आहे. उलट, एक बाइट वाचून बघू म्हटले तर ज्या चिप्समध्ये फक्त लिहिताच येते त्या बस अडवून ठेवू शकतात. हेक्स ६९ वर असणाऱ्या काही क्लॉक चिप्स अशा आहेत. म्हणून हे साधन एरवी क्विक राइट वापरते आणि ३० ते ३७ व ५० ते ५एफ या पट्ट्यांत, जिथे ईईप्रॉम असण्याची शक्यता जास्त, तिथे वाचून बघते. "तपासेन" असे लिहिलेत तर वाचणाऱ्याला वाटेल की नुसते बघणे चालले आहे, मग आधी एवढा इशारा कशाला?

धातुसाधित
तुम्ही वर्णन केले ती क्रिया आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिला नेमका शब्दही आहे. सुश्रुताने शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य, सीव्य. यातले एष्य म्हणजे जखमेत किंवा नाडीव्रणात (नळीसारख्या खोल जखमेत) सळई घालून आत किती खोल आहे, काय आहे, याचा अंदाज घेणे. त्या सळईचे नाव एषणी. युरोपातही प्रोब हे शस्त्रवैद्याच्या सळईचेच नाव होते, तो शब्द यंत्रशास्त्रात नंतर आला. मग 'एषण' का नको? अन्वेषण हा शब्द आपण वापरतोच, त्यातही हाच 'इष्' धातू आहे. "पत्त्यांचे एषण करीन." अर्थ तंतोतंत बसतो.

रोजचं मराठी
एषण वाचून किती जणांना सळई आठवेल? वाचणाऱ्याला एषणा आठवेल, म्हणजे वित्तैषणा, लोकैषणा. पत्त्याची इच्छा धरतो की काय असे वाटेल. शब्द नेमका असणे पुरत नाही, तो वाचणाऱ्यापर्यंत पोचावा लागतो. टर्मिनलवर ही ओळ वाचणाऱ्याच्या हातात हजारो लोक रोज वापरतात तो शब्द आधीच आहे: प्रोब करणे. तो का काढायचा? मराठीने टेबल घेतले, पेन घेतले, त्यांनी मराठीचे काही बिघडले नाही.

तांब्याची तार
'प्रोब करणे' ला माझा भाषेपुरता विरोध नाही, पण वर्कशॉपात अडचण होते. आमच्याकडे प्रोब ही वस्तू आहे. ऑसिलोस्कोपचा (तारेवरचा सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे स्कोपचा) प्रोब, मीटरचा प्रोब. "क्लॉकची तार प्रोब कर" म्हटले की नवा मुलगा पिनवर स्कोप लावतो, आणि त्याचे बरोबरच आहे. आता त्याच्या हातातल्या कागदावर "पत्ते प्रोब करा" असे असेल तर तो काय करेल? मी हे घडताना पाहिले आहे. बोर्डवरचे पत्ते शोधायला सांगितले होते, तर बराच वेळ तो चिपच्या पिनांवर स्कोप लावून बसला होता. आज्ञा टर्मिनलवर द्यायची, हे त्या शब्दातून त्याला कळले नाही.

नववा ठोका
प्रोबच्या आधी साधनाच्या नावातल्या 'डिटेक्ट' कडे बघा. मी जे मराठी मजकूर पाहिले त्यांत त्याचे "उपकरण ओळखणे" असे केलेले दिसते, आणि ते सरळ चूक आहे. हे साधन काहीही ओळखत नाही. तक्त्यात ६८ दिसला तर त्याचा अर्थ इतकाच, की ६८ ला कोणीतरी उत्तर दिले. ते डीएस३२३१ घड्याळ असेल, नाहीतर एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर. दोघांचा पत्ता तोच. दोन्ही एकाच बसवर लावले तर दोघेही एकदम तार खाली खेचतात आणि तक्त्यात एकच ६८ उमटतो. सेन्सरची पत्ता ठरवणारी एडी० पिन वरच्या व्होल्टेजला बांधली की तो ६९ वर जातो, तेव्हा कुठे दोघे वेगळे दिसतात. ओळखणे हा शब्द वाचून लोक त्या तक्त्यावर नको तितका भरवसा ठेवतात.

माझी सूचना: 'चाहूल'. "चाहूल घेणे." कोणीतरी आहे एवढेच कळते, कोण ते कळत नाही.

धातुसाधित
चाहूल सुंदर शब्द आहे, पण तो कानाचा आहे. चाहूल घेणारा गप्प असतो. हे साधन गप्प राहत नाही, आधी स्वतः बोलते. तांब्याची तार यांनी वर जे सांगितले त्याच्या हे अगदी उलट होते.

चाचपणीला माझा पूर्ण नकार नाही. चाचणी आणि चाचपणी यांत एकच 'चाच' दिसतो, दोन्हींचे मूळ एक असावे असे मला फार दिवस वाटते आहे. तसे असेल तर चाचपणे हे चाचणीचेच क्रियापद ठरेल आणि वादच मिटेल.

रोजचं मराठी
आवाज सारखा म्हणून मूळ एक, हे मानता येणार नाही. जुन्या छपाईत चांचपणे असे अनुस्वार देऊन लिहीत, चाचणीचे तसे आहे का ते आधी बघावे लागेल. आणि समजा मूळ एक निघाले, तरी आजचा अर्थ त्यावरून ठरत नाही. आज 'चाचणी' म्हटले की निकाल येतो, पास किंवा नापास. 'चाचपणी' म्हटले की अंदाज येतो. चिपची चाचणी वेगळी, ती आहे का याची चाचपणी वेगळी. हा फरक जपलाच पाहिजे.

धातुसाधित
मान्य, मूळ सोडून देऊ. पण तुम्ही सगळे 'बस' शब्द इतक्या सहज वापरता आहात, त्याचे काय? "बसवर बसवलेली चिप" हे मराठी वाक्य मोठ्याने वाचून बघा. वाहिनी म्हणा.

रोजचं मराठी
वाहिनी म्हटले की दूरचित्रवाणी. आणि वाहिनीतून काहीतरी एका दिशेने वाहते असे वाटते, इथे एकाच तारेवरून दोन्हीकडे ये-जा चालते.

नववा ठोका
बसचे मूळ तर मजेदार आहे आणि ते पक्के आहे. लॅटिनमधला 'ओम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सर्वांना बसता येईल अशा घोडागाडीला ते नाव मिळाले, मग ते तुटून बस राहिले. वीजकामातला बसबार आणि संगणकातली बस त्याच शब्दाच्या शाखा. म्हणजे गाडी आणि तार यांत मुळात भांडण नाहीच, दोन्ही सर्वांसाठी आहेत.

धातुसाधित
मग 'सामाईक' घ्या! सामाईक भिंत, सामाईक विहीर म्हणतो तशी सामाईक तार. 'सर्वांसाठी' चा याहून नेमका मराठी शब्द मला सुचत नाही, आणि तो संस्कृतातून ओढूनताणून आणलेलाही नाही, म्हणजे रोजचं मराठी यांचीही हरकत नसावी.

रोजचं मराठी
स्पष्टीकरणात जरूर लिहा, "बस म्हणजे सामाईक तारा." वाचणाऱ्याला लगेच उमजेल. पण नाव बसच ठेवा. डेटाशीटवर, बोर्डवर, ड्रायव्हरच्या (चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोंदीत सगळीकडे बस असताना एकट्या मराठी पानावर सामाईक तार लिहिली तर वाचणारा दोन्हीकडे हरवेल.

कानामात्रा
बस मी बसच ठेवली आहे, ते ठरलेलेच होते. प्रोबकडे परत येऊ या का? आणखी एक अडचण आहे. मूळ वाक्यात प्रोग्रॅम स्वतःविषयी 'मी' म्हणून बोलतो. "तपासतो" किंवा "तपासते" लिहिले की लिंग चिकटते. "चाचपून पाहीन" मध्ये ते चिकटत नाही, म्हणून भविष्यकाळ धरला. हे कोणाला खटकते का?

नववा ठोका
खटकत नाही, उलट चांगले आहे.

पण मला वाटते आपण क्रियापद चुकीच्या टोकाने धरले आहे. चाचपणे ही एका बाजूची क्रिया झाली. बसवर दोन बाजू आहेत: एक पत्ता घालतो, दुसरा नवव्या ठोक्याला उत्तर देतो. मराठीत याला तयार जोडी आहे, हाक मारणे आणि ओ देणे. "प्रत्येक पत्त्याला हाक मारीन; जो ओ देईल तो तक्त्यात दिसेल." फिलिप्सने ही बस १९८२ मध्ये काढली तेव्हापासून दोन बाजूंना मास्टर-स्लेव्ह म्हणत, मराठी भाषांतरात त्याचे मालक-गुलाम झाले. फिलिप्समधून निघालेल्या एनएक्सपी कंपनीने बसच्या नियमपुस्तिकेच्या २०२१ च्या आवृत्तीत ते शब्द काढून कंट्रोलर आणि टार्गेट केले. टार्गेटचे 'लक्ष्य' करून काय साधते? हाक मारणारा आणि ओ देणारा म्हटले तर कोणाचा अपमान होत नाही आणि काम काय ते कळते.

धातुसाधित
हे मला एषणापेक्षा आवडले, हे मनापासून सांगतो. मात्र संज्ञा हवी तिथे 'ओ देणारा' लांब पडेल. नियंत्रक आणि प्रतिसादक?

तांब्याची तार
हाक-ओ समजावून सांगायला उत्तम, पण संज्ञा करायला जाऊ नका. ॲकला (नवव्या ठोक्याला तार खाली खेचण्याला) 'ओ' म्हटले की नॅकला (तार वरच राहण्याला) काय म्हणणार? सगळे 'नकार' लिहितात, तोही चुकीचाच. पत्त्याच्या वेळी नॅक म्हणजे कोणी नकार दिला असे नाही, तार कोणी खाली खेचली नाही, ती आपोआप वर राहिली. "ओ आली नाही" एवढेच. मात्र वाचन चालू असताना कंट्रोलर शेवटच्या बाइटनंतर नॅक देतो, तेव्हा तो 'आता पुरे' असे सांगत असतो. एकाच बिटाचे दोन अर्थ आहेत, एकच मराठी शब्द दोन्हीकडे लावला तर एक जागा नक्की बिघडेल. मी दोन्हीकडे नॅकच लिहितो आणि पुढे त्या जागेचा अर्थ वाक्यात सांगतो.

रोजचं मराठी
म्हणजे शेवटी तुम्हीही मूळ शब्दच ठेवता. प्रोबला वेगळा न्याय का?

तांब्याची तार
नॅक ही दुसरी कुठली वस्तू नाही, प्रोब आहे. शब्द परका आहे यावर माझा आक्षेप नव्हता, तो एका कामात दोन जागी येतो यावर होता.

कानामात्रा
मी "चाचपून पाहीन" च ठेवते आहे. इशाऱ्याच्या आधी एक वाक्य जोडते: "हे साधन प्रत्येक पत्त्याला हाक मारते, आणि हाक मारल्याने काही चिप्स बिघडू शकतात." सहकाऱ्यांना हा धागा दाखवला, ते अजून "तपासेन" वर ठाम आहेत.

आता तक्त्यातल्या 'यू-यू' चे काय करू? ज्या पत्त्यावर आधीच ड्रायव्हर काम करतो आहे तिथे साधन हातच लावत नाही आणि यू-यू छापते. "उपलब्ध नाही" लिहिले तर चिपच नाही असे वाटते, आणि चिप तर तिथे असण्याचीच शक्यता जास्त. "राखीव" लिहावे तर ०० ते ०७ आणि ७८ ते ७एफ हे खरे राखीव पत्ते वेगळेच आहेत.

नववा ठोका
"ड्रायव्हरच्या ताब्यात."

रोजचं मराठी
'ताब्यात' नको, जप्ती आल्यासारखे वाटते. "ड्रायव्हर वापरतो आहे" असे पूर्ण वाक्यच द्या, तक्त्याखाली जागा असते.

धातुसाधित
"व्याप्त" चालेल का?