तोंडाच्या आत भाजणे, सोलणे, पोळणे : आपले अनुभव लिहावेत

आपल्या मराठवाड्यात तोंडात काहीही झाले की ‘तोंड आले, अंगात उष्णता वाढली’ एवढ्यावर निदान संपते. त्या जागी आदल्या दिवशी नेमके काय लागले होते, हे कोणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी दाढ रात्री ठणकू लागली, तेव्हा अ‍ॅस्पिरिनची गोळी न गिळता दाढ आणि गाल यांच्यामध्ये दाबून मी झोपलो. सकाळी गालाच्या आत सायीसारखा पांढरा पापुद्रा आला होता आणि तो ओढताच रक्त आले. ही गोळी आम्लधर्मी असून ती टेकून ठेवली तर तिथली प्रथिने गोठतात व वरचा थर मरतो, असे दंतवैद्यांनी समजावले. जखम दहा दिवसांत भरली. आपणही काय लागले, कुठे लागले आणि भरायला किती दिवस गेले, हे लिहावे.

जालन्याहून : माझ्या चार वर्षांच्या पुतण्याने आजोबांच्या चंचीतील चुन्याची डबी चाटली. जीभ पांढरी पडून लाळ गळू लागली. सासूबाई लिंबू पिळायला निघाल्या आणि मी मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या विचारात होते. शेजारच्या आशाताईंनी आम्हा दोघींना थांबवून ओल्या फडक्याने चुना पुसला, चुळा भरायला लावल्या आणि आम्हाला रुग्णालयात नेले. चुन्यासारखा अल्कली पदार्थ ऊती विरघळवत खोल उतरतो, उलटी काढली तर तोच चुना अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतो आणि आंबट घातल्यास त्या क्रियेतून उष्णता निर्माण होते, असे तेथे कळले. त्या दिवशी आशाताई घरी नसत्या तर काय झाले असते, या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

नांदेडहून : लहानपणी गोडंबीच्या लोभाने मी बिब्बा दातांनी फोडला होता. त्याच्या काळ्या तेलाने दोन्ही ओठ सुजले, कोपऱ्यांत फोड आले आणि आठवडाभर बोलताही येत नव्हते.

परभणीहून : होळीला पुरण शिजले का, हे पाहण्यासाठी कढईतले बोटभर तोंडात टाकले आणि टाळूला फोड आला. गुळाचे घट्ट पुरण टाळूला चिकटून राहते, त्यामुळे ते चहापेक्षा जास्त भाजते. थंड पाण्याच्या चुळा आणि मऊ भात यांवर आठ दिवसांत बरे वाटले.

बीडहून : माझे वडील ऊसतोडीला जात आणि चुना लावलेली तंबाखू खालच्या ओठामागे, नेहमी डाव्या बाजूलाच धरत. तिथली त्वचा पांढरी व सुरकुतलेली झाली होती. ‘चुना लागला’ असे म्हणून ते बाजू बदलत. उजवीकडे सोललेली जागा आठवड्यात भरून यायची, डावीकडची मात्र दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी भरली नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम निव्वळ भाजल्याची समजू नये, हे आम्हाला तुकडा तपासणीला दिल्यानंतर, म्हणजे फार उशिरा कळले. कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर वडील आज आमच्यात आहेत, पण भाकरी कुस्करून दुधात भिजवल्याशिवाय त्यांना खाता येत नाही.