ठरावाने कुंकू टिकतं का?

कृष्णाकाठ
कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेच करायला सांगितलं. पण ठराव मोडला तर दंड कुठे आहे? कायदाच हवा.

पाणवठा
कायदा लावणार कोणावर? मयताच्या घरी बांगड्या फोडते ती भावकीतलीच थोरली बाई, पुष्कळदा स्वतः विधवा. तिच्यावर तक्रार सून करेल? केशवपन आठवा. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला. तिथे सुरुवात दंडाने नाही, नकाराने झाली.

कृष्णाकाठ
त्यानंतरही आलवणातल्या, म्हणजे केशवपन केलेल्या विधवांच्या लाल लुगड्यातल्या, बायका कित्येक वर्षं दिसतच होत्या. शिवाय वस्तऱ्याला न्हावी लागायचा, तो नाही म्हणू शकत होता. बांगडी फोडायला दगड पुरतो.

पाणवठा
हा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच वेळ गाठावी लागते. हे सगळं रडारडीत, पाच मिनिटांत उरकतं. मयताचा निरोप येताच अंगणवाडीताई, आशाताई आणि पंचायतीची एक महिला सदस्य, अशा तिघींनी जावं. एकटीला बाजूला सारतात. दोघींनी विधवेच्या दोन्ही हातांशी बसावं, तिसरीने आधी माहेरच्यांशी बोलावं. दहाव्याला, तेराव्याला परत जावंच, पहिल्या दिवशी टळलेलं तेव्हा उरकून घेतात.

सांजवात
माझा आक्षेप मुळातच वेगळा आहे. कुंकू सौभाग्याचं लेणं आहे, त्याचा अर्थ ठरावाने बदलत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला "सर्व महिलांना आमंत्रण" असतं. विधवा येते. करंडा तिच्यापाशी आला की लावणारीचं बोट कुंकवात बुडतं आणि तिथेच थबकतं. खोलीभर बायका तेवढंच बघतात. हा घरी बोलावून केलेला अपमान आहे. त्यापेक्षा तिळगूळ समारंभ करा, वाण द्या, कुंकू ठेवूच नका.

तिठा
मग शेजारच्या घरी "खरं" हळदीकुंकू होतं आणि तिला तिथलं बोलावणं नसतं. कुमारिकेला आपण कुंकू लावतोच ना? तेव्हा नवरा कुठे असतो? करंडा नि आरसा टेबलावर ठेवा, जिने तिने आपलं आपण लावावं. वाण एकच, पहिलं वयाने सगळ्यांत मोठीला. ओटी भरायची तर सगळ्यांची, नाहीतर कोणाचीच नाही.

सांजवात
कुमारिकेला पुढच्या सौभाग्यासाठी लावतात. आणि सासू समोर बसली असेल तर आरशापर्यंत कोणती सून जाईल?

तिठा
सासूही विधवा असेल तर आरशापाशी आधी तिलाच न्या. सून मागोमाग येते.