आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे

शिकागोत हिवाळ्याआधी डांबरी पार्किंगला सीलकोट (वरून मारायचा पातळ काळा संरक्षक लेप) मारतात, मग अंधेरीतल्या आपल्या गाळ्यांपुढेही मारू या का, असं एकाने विचारलंय. अहो, तिकडचं दुखणं वेगळं. भेगेत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, भेग रुंदावते. वितळतं, परत गोठतं. मुंबईत गोठायचा प्रश्नच नाही. इथे साचलेलं पाणी खडीवरचं डांबर सोडवतं, वरून टेम्पोची चाकं. म्हणून मे महिन्यातच भेगा साफ करून गरम सीलंटने (भेगा बुजवायच्या चिकट मसाल्याने) भरून घ्या, सीलकोट त्यानंतर. भेगांवर नुसताच मारला तर काळा रंग दिसतो, बाकी काही नाही (कंत्राटदाराला तेच सोपं!). आमच्याकडे पाणी साचण्यामागे खरा गुन्हेगार निघाली गटाराची तुंबलेली जाळी. आणि डिझेल सांडून मऊ पडलेला तुकडा मात्र खरवडून नवाच करावा लागतो.