यॉर्क अर्ध्या दिवसात उरकू नका

"भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला शिकतोय, त्याने शनिवार-रविवार यॉर्क शहरात जावं का", असं एकाने विचारलं होतं. त्यावर कुणीतरी "कॅथेड्रल आणि शॅम्बल्स पाहिलं की अर्ध्या दिवसात संपतं" असं लिहिलंय. मीही लीड्सलाच शिकले, मला हे अजिबात पटत नाही. एक रात्र राहाच म्हणावं.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली. फोटो काढून लोक पुढे सरकतात, पण दुकानांबाहेर मांस टांगायचे लोखंडी आकडे आणि ते मांडायच्या रुंद फळ्या अजून काही ठिकाणी आहेत, त्या शोधाव्यात. मिन्स्टरची, म्हणजे इथल्या कॅथेड्रलची, पूर्वेकडची भव्य रंगीत काचांची खिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या काळात घडवली. ती बघायला सकाळची वेळ गाठावी, ऊन थेट काचांतून आत येतं. तिकीट परवडत नसेल तर संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला प्रवेश मोफत असतो.

क्लिफर्ड्स टॉवर या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर मात्र फक्त वरून शहर दिसतं म्हणून जाऊ नये. ११९० च्या मार्चमध्ये इथल्या लाकडी बुरुजात आसरा घेतलेल्या ज्यूंना जमावाने घेरलं, सुमारे दीडशे जीव गेले. हे वाचून मगच पायऱ्या चढाव्यात.

शहराच्या जुन्या तटबंदीवरून चालणं फुकट आहे. रेल्वे संग्रहालयही फुकट, आणि १९३८ मध्ये ताशी १२६ मैल वेग गाठणारं 'मॅलार्ड' इंजिन तिथेच आहे. १६-२५ रेलकार्ड (तरुणांसाठीचं रेल्वे सवलतीचं कार्ड) असेल तर ट्रेनचं तिकीट एक तृतीयांशाने स्वस्त पडतं.